गुडघाभर पाण्याची अट

अंदमानला जाऊन आलो म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. जेल बघितली का? बघितली हो, बघितली. भिंतीला हात लावला, फोटो काढले, आईचे डोळे भरून आले, सगळं रीतसर झालं. पण मला जेलचं सांगायचं नाही. पोर्ट ब्लेअरहून बोटीनं दोन-अडीच तास पुढं गेलं की नील नावाचं एवढंसं बेट लागतं. सायकलवर टांग टाकली तर दुपारच्या जेवणाआधी सगळं बेट फिरून होतं. तिथं आम्ही चार दिवस राहिलो. आमचे बाबा, वय अडुसष्ट, रक्तदाबाची एक गोळी सकाळी आणि एक संध्याकाळी, उजवा गुडघा कुरकुरणारा, त्यांनी तिथं काय करून ठेवलं ते सांगायचं आहे.

मी सुनी, नांदेडला एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. लग्न केलेलं नाही, त्यामुळे आईबाबांना कुठं न्यायचं म्हटलं की कुणाची परवानगी लागत नाही, फक्त आईची लागते. आईबाबा लातूरला असतात. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा बाबा देवणीकडच्या आमच्या खेड्यातून येऊन कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून चिकटले. कचेरीत खुर्च्या यायच्या आधी टंचाई आली, असं ते सांगतात. त्यांना जी टंचाई शाखा मिळाली ती निवृत्त होईपर्यंत सुटली नाही. कुठल्या गावाला टँकर, दिवसाला किती खेपा, कुणाची विहीर ताब्यात घ्यायची, हेच आयुष्यभर केलं. आणि यंदाच्या दुष्काळात स्वतःच घागर घेऊन गल्लीत टँकरच्या रांगेत उभे राहिले.

त्या रांगेतच हे सगळं सुरू झालं. मी सुट्टीला आले होते, बाबांसोबत रांगेत होते. पुढं माधवकाका. माधवकाका म्हणजे बाबांच्या गावचे, शाळेतल्या एकाच बाकावरचे. गावात त्यांची मोठी शेती, मोठी दगडी विहीर. आता मुलाजवळ लातूरला, आमच्याच गल्लीत राहतात. आम्ही अंदमानला चाललोय हे कळल्यावर ते सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "समुद्राला जाऊन काय करतूस रे किसन? तुला पोहायला कुठं येतंय! आमच्या हिरीत सगळी पोरं बेडकावानी पोहायची अन् हे येडं आपलं लिंबाखाली बसून ऱ्हायचं."

रांग हसली. बाबाही हसले. मीही हसले, लपवत नाही.

संध्याकाळी बाबा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "सुने, तिथं मला पोहायचंय. चार दिसांत शिकवशील का?" मी बघतच राहिले. मला पोहता येतं ते बाबांमुळेच. मी कॉलेजात होते तेव्हा लातूरहून खास नांदेडला येऊन त्यांनी स्वतः जलतरण तलावाचा फॉर्म भरला होता. मला तेव्हा अजिबात जायचं नव्हतं. पण स्वतः कधी पाण्यात उतरायचं नाव काढलं नव्हतं त्यांनी. "आईला सांगू नको," ते पुढं म्हणाले.

आईला सांगायची गरजच पडली नाही. तिनं बॅगेत बाबांची हाफ पँट बघितली. आयुष्यात पहिल्यांदा घेतलेली, गंजगोलाईच्या बाजारातून, हिरव्या पानाफुलांची. आईनं ती दोन बोटांत धरून वर उचलली आणि अट जाहीर केली. "समुद्र बघा, फोटो काढा, काय करायचं ते करा. गुडघ्याच्या वर पाणी चढलं की मी बोटीत बसून एकटी माघारी जाईन." बाबांनी मान हलवली. टंचाई शाखेत चार-पाच कलेक्टर झेललेला माणूस, पण आईपुढं मान हलवायचीच त्यांना सवय.

पहिला दिवस

आमची उतरायची सोय मोंडल दीदींकडं होती. साठीच्या बाई, नारळ-सुपारीच्या बागेत तीन खोल्या भाड्यानं देतात आणि स्वतः रांधून वाढतात. त्यांचे आईवडील फाळणीनंतर बंगालातून इथं येऊन वसलेले. दीदींचं हिंदी बंगालीत भिजलेलं आणि आमचं दखनीत तळलेलं, त्यामुळे पहिला तासभर दोन्ही बाजू नुसत्या हसत होत्या. आईनं "हौ" आणि "नक्को" एवढ्या दोन शब्दांवर चार दिवस काढले आणि कुठंही अडलं नाही.

आल्याआल्या आईनं पिशवीतून शेंगाची चटणी, धपाटे आणि लसणाची गड्डी काढली, जणू बेटावर उपाशीच राहायचं होतं. दीदींनी मोहरी वाटून केलेली मासळी वाढली. आईनं वास घेतला. "मासळीला मोहरी? लोणचं घातलंय का काय बाईनं?" मग तिसऱ्यांदा भात मागून घेतला. दीदींना शेंगाची चटणी एवढी आवडली की त्यांनी ती भातावर, मासळीवर, शेवटी नुसती तळहातावर घेऊन खाल्ली. दोघींची गट्टी तिथंच जमली.

चार वाजता आम्ही किनाऱ्यावर गेलो. काय सांगू! वाळू म्हणजे चाळणीनं चाळलेलं तांदळाचं पीठ. पांढरीशुभ्र, आणि उन्हात असूनही पायाला भाजत नाही. माणूस म्हणाल तर आम्ही तिघं, एक झोपलेलं कुत्रं आणि शंख पाठीवर घेऊन इकडंतिकडं पळणारे खेकडे. बाबांनी मूठभर वाळू उचलली, बोटांतून सोडली आणि म्हणाले, "आपल्या नदीत असती तर हप्त्याभरात ट्रकानं उचलून नेली असती."

हिरव्या पानाफुलांची चड्डी, खांद्यावर पंचा, तोंडावर लग्नाच्या दिवशीचा भाव. बाबा चालायला लागले. चालत राहिले. आणि थांबले.

"सुने, पाणी कुठंय?"

पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण लांब, निळी रेघ ओढल्यासारखं. मध्ये सगळे खडक, शेवाळ आणि घोटाभर पाण्याची डबकी. मी बारावीच्या पोरांना दरवर्षी भरती-ओहोटी शिकवते. फळ्यावर चंद्र काढते, बाण काढते, परीक्षेत प्रश्न घालते. आणि आईबाबांना एवढ्या लांब आणताना ओहोटीची वेळ बघायची विसरले. मराठवाड्यातल्या माणसाला समुद्र म्हणजे भरलेलाच वाटतो, त्याला मी काय करू!

बाबा कमरेवर हात ठेवून त्या डबक्यांकडं बघत राहिले. "म्हणजे इथं बी टंचाईच," ते म्हणाले आणि मोठ्यानं हसले. आई तर हसून हसून वाळूत बसली. तिला बरंच झालं होतं.

दुसरा दिवस

सकाळी मी जागी झाले ती बायकांच्या आवाजानं. दीदींच्या अंगणात शेजारच्या चार-पाच जणी रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या, सगळ्या एकदम बोलत होत्या. दीदींचा आवाज सगळ्यांच्या वर. "किसने बंद किया? किसने?"

बाबांनी वर्गातल्यासारखा हात वर केला.

झालं होतं असं. टँकरच्या सवयीनं बाबा पहाटेच उठले. उठून, तोंड धुऊन, समुद्राकडं तोंड करून त्यांनी रोजचं त्रिशरण-पंचशील म्हटलं. तेवढ्यात बागेच्या कोपऱ्यातून पाणी वाहिल्याचा आवाज आला. जाऊन बघतात तर टाकी भरून वाहतेय आणि खालच्या पाइपातून धो धो पाणी झाडीत चाललंय. आमच्याकडं आई भाजी धुतलेलं पाणी भांड्याला वापरते, भांड्याचं पाणी फरशीला, फरशीचं दाराजवळच्या कढीपत्त्याला. त्या घरातल्या माणसाचा जीव कसा राहील? त्यांनी चाक शोधलं आणि दोन्ही हातांनी गच्च आवळून बंद केलं. एवढं गच्च की नंतर ते उघडायला दोघं लागले. पण ते पाणी वाया जात नव्हतं. तो पाइप झाडीतून खालच्या सहा घरांना पाणी नेत होता, आणि सकाळचे तेच दोन तास त्यांच्या पाळीचे होते.

"दादा, आप छुट्टी पे आए हो कि ड्यूटी पे?" दीदी कडाडल्या. बाबांचा चेहरा एवढासा झाला. ज्या माणसानं दुसऱ्यांना पाणी पोचवण्यात जन्म घातला, त्यानं सहा घरांचं पाणी तोडलं होतं. मग आईनं मध्ये पडून लातूरचं सांगितलं. नळ कधी आला होता ते आठवावं लागतं, खाटेवर बसून आंघोळ करायची आणि खाली घमेलं ठेवून ते पाणी धरायचं, पाहुणा आला की आधी चहा विचारायचा, पाणी नंतर. अर्धं हिंदीत, अर्धं हातवाऱ्यांनी. बादल्यावाल्या बायकांतल्या एकीनं आईचा हात धरला. दीदींनी बाबांना बसवलं, समोर चहा ठेवला आणि विचारलं, "तो यहाँ क्या करने आए, बोलो. क्या देखना है?"

बाबांनी आईकडं चोरून बघितलं आणि हळूच म्हणाले, "भरा हुआ समुंदर."

दीदींना वेळा तोंडपाठ होत्या. आज अकराच्या सुमाराला पाणी भरेल, उद्या त्याच्या पाऊण तास पुढं. बाबांनी खिशातली डायरी काढून ते लिहून घेतलं, टँकरच्या खेपा लिहायचे तसं. भूगोल शिकवणारी लेक शेजारी बसलेली, आणि तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

अकरा वाजता समुद्र खरंच काठोकाठ. निळा, हिरवा, आणि काठाशी इतका स्वच्छ की पायाची नखं मोजावीत. पण आई सोबत होती. बाबा पाण्यात शिरले, आई काठावरून ओरडली, "गुडघा! गुडघा बघा!" बाबा थांबले. लाट आली की पाणी मांडीला लागायचं आणि आई त्या लाटेलाही रागवायची. अर्धा तास ते तसेच बांधलेल्या बैलासारखे उभे राहिले. मग आई शहाळं आणायला गेली.

बाबा बाहेर आले. मला वाटलं पंचा घेतील. ते त्या पांढऱ्या वाळूवर पालथे पडले आणि हातपाय मारायला लागले. मी हसणार होते, पण हसू आलं नाही. कारण चुकत काहीच नव्हतं. हात पुढं, हात मागं, पायाची बेडूकउडी, मान वर करून दम घ्यायची नेमकी वेळ. तलावावरच्या आमच्या सरांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

"बाबा, हे कुठं शिकलात?"

ते उठून बसले. अंगाला सगळी वाळू. "माधवच्या हिरीवर. आपल्या वस्तीतल्या पोरांना उतरू देत न्हवते. पाणी बाटतं म्हणायचे. मग मी वर लिंबाखाली बसायचो. कोण पाय कसा मारतंय, दम कवा घेतंय, सगळं बघून ठेवायचो. घरी येऊन कडब्याच्या गंजीवर पालथा पडून तसंच करायचो. तुझी आज्जी म्हणायची, पोराला काय झालंय!"

"आणि माधवकाका तुम्हाला सगळ्यांसमोर..."

"त्याला आठवत न्हाई गं. तो काय मुद्दाम बोलला न्हाई. त्याला खरंच वाटतं, किसनला पोहायची आवड न्हवती."

मला एवढा संताप आला की काय सांगू. माधवकाकांचा आला, त्या विहिरीचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला, रांगेत मी हसले होते म्हणून. मी काही बोलणार तेवढ्यात मागून शहाळं वाळूत पडल्याचा आवाज झाला. आई उभी होती. कधी आली होती कोण जाणे.

"चाळीस वर्षं झाली लग्नाला," आई म्हणाली. "हे मला का न्हाई सांगितलं?"

"त्यात काय सांगायचं? हिरीत उतरलो न्हाई, ही काय सांगायची गोष्ट हाय?"

आई वाळूत बसली. पदरानं बाबांच्या पाठीवरची वाळू झटकत राहिली, बराच वेळ. मग नाक पुसून म्हणाली, "उद्या उतरा. अट संपली. पण गोळी घेऊन. अन् सुनी हात सोडणार न्हाई."

तिसरा दिवस

पावणेबारा. किनाऱ्यावर आई, आईच्या हातात पंचा, गोळ्यांची डबी आणि पाण्याची बाटली. दीदीसुद्धा स्वयंपाक टाकून आल्या होत्या. "हम लोग तो पानी में ही पैदा हुए," त्या आईला धीर देत होत्या आणि आईला त्याचा काडीचाही धीर येत नव्हता.

छातीएवढ्या पाण्यात मी बाबांना म्हटलं, आधी नुसतं तरंगा, पाठीवर पडा, मी खाली हात धरते. ऐकतील तर बाबा कसले! साठ वर्षं अभ्यास झालेला माणूस, त्याला पहिलीच्या वर्गात कोण बसवणार? त्यांनी हात जोडले, अंग झोकून दिलं आणि सरळ खाली गेले.

मी दंडाला धरून वर ओढलं. ते खोकले, डोळे चोळले, आणि कुणी फसवल्यासारखं म्हणाले, "लई खारट हाय की!" तेवढ्यात शेजारी मोठा धप्पकन आवाज झाला. आई. नऊवारी नेसलेली, पंचा आणि गोळ्यांच्या डबीसकट, कमरेएवढ्या पाण्यात धावत आलेली. गुडघ्याची अट जिनं घातली तीच अट मोडून उभी होती. "धर गं! धर त्यांना! बघत काय बसलीस!" बाबांनी तिच्याकडं बघितलं, तिच्या कमरेवरून वाहणाऱ्या पाण्याकडं बघितलं. "आता तू एकटी बोटीत बसून जाणार का?" त्यांनी विचारलं. आईनं ओल्या पंचानं त्यांना एक फटका मारला.

त्यानंतर मात्र बाबांनी माझं ऐकलं. पाठीवर तरंगले, कानात पाणी, डोळे मिटलेले. खाऱ्या पाण्यानं काम सोपं केलं, ते माणसाला वर उचलतं, हे मी शिकवते पण त्या दिवशी हाताला कळलं. माझ्या दोन्ही हातांवर माझा बाप होता आणि त्याला वजनच नव्हतं. मी रडत होते. समुद्रात रडलं की सोय असते, कुणाला दिसत नाही.

मग ते पालथे झाले. "सोड," म्हणाले. मी आईला दिलेला शब्द विसरले आणि हात काढला. हात पुढं, हात मागं, पायाची बेडूकउडी, मान वर, दम. कडब्याच्या गंजीवर जसं केलं होतं तसंच्या तसं. आई दहा-बारा हातांवर उभी होती. बाबा माझ्यापासून निघाले आणि आईपर्यंत गेले. तिचा खांदा धरून उभे राहिले, धापा टाकत. काठावर दीदी उड्या मारत होत्या. "दादा, और! और!" बाबा परत फिरले आणि आईकडून माझ्याकडं आले. त्या दुपारी ते असे नऊ वेळा आले-गेले. शेवटी आईनं बीपीचं नाव काढलं तेव्हा कुठं बाहेर निघाले.

शेवटच्या सकाळी निघताना दीदी आईला मिठी मारून रडल्या. उरलेली शेंगाची चटणी अर्थातच तिथं राहिली. बाबांनी आंघोळ अर्ध्याच बादलीत केली होती आणि ते पाणी सुपारीच्या आळ्यात ओतून आले. दीदी बघत होत्या. बाबा जाऊन टाकीचं चाक एकदा बघून आले, उघडं आहे ना म्हणून.

परत लातूर

आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी टँकर आला. घागरी, रांग, भांडणं, सगळं जिथल्या तिथं होतं. आता रेल्वेनं पाणी येणार, अशी गल्लीत कुजबुज होती. आमच्या पुढं माधवकाकाच. त्यांचा नंबर लागला, त्यांनी नळी घागरीत सोडली आणि मागं वळले.

"काय किसन, आलास का? जेल बघितली का?"

"बघितली."

"अन् समुद्रात पाय तरी बुडवलास का न्हाई?"

"पोहलो," बाबा म्हणाले.

"तू? जा की! कुठं शिकलास?"

"तुमच्याच हिरीवर," बाबा म्हणाले. आवाज नेहमीचाच, चहा झाला का विचारतात तसा. "लिंबाखाली बसून."

माधवकाका हसायला लागले आणि मध्येच थांबले. बाबांकडं बघत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते, आणि ते लिंबाचं झाड त्यांना आठवताना मला दिसलं. त्यांची घागर भरली. पाणी काठावरून रस्त्यावर सांडायला लागलं. मागून लोक ओरडले, अहो काका, पाणी, पाणी चाललं! थेंबासाठी जीव टाकणारे आमचे बाबा हातभर अंतरावर उभे होते, पण त्यांनी नळीला हात लावला नाही.

"किसन," माधवकाका म्हणाले. त्यांनी नळी उचलली, वाकून आमच्या घागरीत धरली, आणि घागर गळ्यापर्यंत भरेपर्यंत तशीच धरून राहिले.